चौदा एप्रिलचा ताप

"मॅडम, ती वही जरा मिटता का?"

रत्नमाला शिंदे दारातच उभी होती. बैठक संपून दहा मिनिटं झाली होती, बाकीच्या बायका आपापल्या लाइनवर परत गेल्या होत्या आणि मी एकटीच नोंदी पुऱ्या करत बसले होते. मी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही वस्तू तिला दिसतील अशा टेबलाच्या पलीकडच्या कडेला सारल्या. असल्या गोष्टी मला फार छान जमायच्या. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं ते, समोरच्याला धीर येतो म्हणून.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. पुण्यात कुंदाताईंची एक छोटी संस्था होती, तिथं मी नोकरीला होते. कंपन्यांमध्ये जायचं, तिथं कोणाला एकटं पाडलं जातं, कोणाची कुचंबणा होते ते माणसांशी बोलून शोधायचं आणि व्यवस्थापनाला अहवाल द्यायचा, हे आमचं काम. साहेब लोक त्याला डायव्हर्सिटी म्हणायचे. शिरवळच्या त्या कारखान्यातल्या बायका मला 'डायव्हर्सिटीवाल्या मॅडम' म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की फिदीफिदी हसायच्या. हसू देत. मला त्या आवडायच्या.

कारखाना मोटारींच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधायचा. आठ तास उभं राहून वायरी ओवायच्या आणि त्यांच्यावर टेप गुंडाळायची. सगळ्या बायकाच, दोनशेच्या वर, भोर-लोणंद-खंडाळ्याकडून कंपनीच्या बसनं येणाऱ्या. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मी त्यांना दोन वाक्यं सांगायची. "इथं बोललेलं इथंच राहील. तुमचं नाव कुठंही येणार नाही." एका दमात म्हणायची. इतक्या वेळा म्हटली होती की मला ती दोन्ही वाक्यं एकच वाटायला लागली होती.

रत्नमाला खुर्चीच्या कडेवर बसली. असेल अडतीस-चाळीसची. बैठकीत तासभर तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आता मात्र तिनं इकडचंतिकडचं काही न बोलता सरळ सुरुवात केली, जणू घरून पाठ करून आली होती.

सात वर्षांपूर्वी ती कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत शकूनं तिला विचारलं होतं, शिंदे म्हणजे कुठले गं तुम्ही? शकू थोरात ही तिच्या लाइनची प्रमुख. मी तिला ओळखत होते. तिला न ओळखून चालायचंच नाही, कारण तिचा आवाज मशिनींच्या वर ऐकू यायचा. रत्नमाला म्हणाली, वाईकडचे. मग आमच्यातलेच की, असं म्हणून शकूनं आपल्या डब्यातलं लोणचं तिच्या भाकरीवर घातलं आणि तिला गोलात बसवून घेतलं.

"मी खोटं बोलले नाही मॅडम. नुसती गप्प बसले. पण मग ते गप्प बसणं वाढतच गेलं."

किती वाढलं, ते ती सांगत गेली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शकूकडं हळदीकुंकवाला जायचं. शकू घरी यायची म्हटली की भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून ट्रंकेत ठेवायचा, आणि मुलीनं का म्हणून विचारलं की काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची. नवऱ्याला अपघात झाला तेव्हा शकू नऊ दिवस दवाखान्यात ठाण मांडून बसली होती, डॉक्टरांशी भांडली होती, रत्नमालाला स्वतःच्या हातानं भरवलं होतं. एकमेकींच्या ताटात जेवलेल्या होत्या दोघी.

"आणि चौदा एप्रिलला?" मी विचारलं. जयंतीची सुट्टी त्या कारखान्यात नव्हती, हे मला ठाऊक होतं.

ती पहिल्यांदा हसली. "तापाची रजा टाकते की. अख्ख्या वर्षात त्या एकाच दिवशी मी ठणठणीत असते मॅडम, आणि त्याच दिवशी मला ताप येतो."

मीही हसले. त्या दिवशी ती पहाटे उठून, पांढरी साडी नेसून माहेरी जायची, मिरवणुकीत नाचायचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी कामावर आली की शकू तिच्यासाठी फ्लास्कमधून काढा आणायची आणि समोर उभी राहून प्यायला लावायची. सात वर्षं ती तो काढा पीत होती. कडूजहर असतो, म्हणाली. आणि काढा पिताना आदल्या दिवसाच्या मिरवणुकीवरून लाइनवर काय काय बोलणं चाललंय तेही ऐकत होती. शकूही बोलायची. तिला माहीत नाही म्हणून बोलते, असं मी माझ्या मनाला सांगते, म्हणाली.

माझं आडनाव लिमये. ते ऐकून 'म्हणजे कुठले' असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारायची गरजच पडत नाही. त्यामुळं तिचं ऐकताना मला भरून आलं, हे खरं आहे, आणि तिनं इतक्या जणींतून मला निवडलं म्हणून आतून गुदगुल्याही झाल्या, हेही तितकंच खरं आहे. मी तिला विचारलं, यात मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?

"काही नको. सात वर्षांत कोणाला बोलले नव्हते, जड झालं होतं. तुम्ही म्हणालात इथलं इथंच राहील, म्हणून बोलले." ती उठली. "शकू तेवढी एकच आहे मला इथं मॅडम. तिला कळलं तर ती म्हणेल मी तिला फसवलं. तेवढं राहू द्या माझं."

मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

तीन महिने गेले आणि फेब्रुवारीत मी अहवाल लिहायला बसले. आकडे, तक्ते, शिफारशी सगळं झालं, पण कोरडं वाटायला लागलं. म्हणून मी त्यात अकरा बायकांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत घालायचे ठरवले. कुंदाताईंचा याबाबत एक नियम होता आणि त्या तो उठताबसता सांगायच्या. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं नाही, शलाका. त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं वाचलं तर ओळखेल का, ते बघ. आणि छापायच्या आधी ज्याचं त्याला वाचून दाखव. त्यानं नको म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही. मला हे फार काटेकोर वाटायचं. जुन्या वळणाच्या आहेत बाई, असं मी मैत्रिणींना म्हणत असे.

रत्नमालाचं नाव मी काढलं. वय काढलं. गाव काढलं, लाइन काढली, नवऱ्याचा अपघात काढला, काढा काढला, शकू काढली. इतकं कोण जपतं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. राहिला तो फक्त ताप. ते वाक्य मला सोडवेना. त्या आधी चहावर दोन मैत्रिणींना मी ते सांगून पाहिलं होतं, अर्थात नाव न घेता. दोघींनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं होतं. मी हुरळून गेले होते. असं वाक्य मिळायला नशीब लागतं, असं मला वाटलं होतं.

शिरवळला जाऊन मी दहा जणींना त्यांचे त्यांचे मजकूर वाचून दाखवले. एकीनं दोन शब्द बदलायला लावले, बाकीच्यांनी बरं म्हटलं. अकरावी त्या दिवशी भेटली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. भेटली नाही कसली, तीन नंबरच्या लाइनवर पाठमोरी उभी होती, मला दिसत होती. मला तिचं 'नको' ऐकायचं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दारानं बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर कुंदाताईंचा फोन आला.

"अकराही जणींना दाखवलंस?"

"हो," मी म्हटलं.

एवढं एक अक्षर. आजही ते आठवलं की मला माझी शरम वाटते.

महिला दिनाच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये कार्यक्रम ठेवला होता. अहवाल नुसता वर पाठवून काय उपयोग, तो बायकांसमोरच वाचला पाहिजे, ही कल्पना माझीच. कारखान्याचे प्रमुख राजाध्यक्ष साहेब पहिल्या रांगेत बसले होते. सज्जन माणूस होता. बायका आपापल्या लाइनप्रमाणे टेबलांना धरून बसल्या होत्या. मी खास माहेश्वरी साडी नेसले होते आणि अकरा अनुभव मी माइकवर एकेक करून वाचणार होते.

पहिले तीन छान झाले. बायका मान डोलावत होत्या, मधूनच कोणी 'खरंय, खरंय' म्हणत होतं. चौथा रत्नमालाचा. मी सावकाश वाचला, जिथं थांबायचं तिथं थांबले. "अख्ख्या वर्षात त्या एकाच दिवशी मी ठणठणीत असते, आणि त्याच दिवशी, चौदा एप्रिलला, मला ताप येतो."

आधी हसू फुटलं. ती जसं हसली होती, तसंच. मग डावीकडच्या एका टेबलावरचं हसू थांबलं.

रजेचे अर्ज लाइनप्रमुखाच्या हातात द्यायचे असतात. सात वर्षं सात अर्ज शकूच्या हातात पडले होते. सात वर्षांत तिनं तो ताप आणि ती तारीख कधी जोडून पाहिली नव्हती, कारण ती तारीख तिची नव्हतीच. ती मी आणून तिच्या हातात ठेवली होती. शकूनं मान वळवली, सावकाश, आणि शेजारी बसलेल्या रत्नमालाकडं पाहिलं. टेबलावरच्या बाकीच्या बायकांनी आधी शकूकडं पाहिलं आणि मग शकू बघत होती तिकडं. एवढंच झालं.

रत्नमाला माझ्याकडं बघत होती.

माझ्या हातात अजून सात अनुभव होते. मला थांबता आलं असतं, चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं, काहीही करता आलं असतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि पाचवा वाचायला सुरुवात केली. मग सहावा. सगळे वाचले. टाळ्या खूप झाल्या.

राजाध्यक्ष साहेब नंतर डोळे पुसत माझ्याकडं आले. ती तापवाली बाई कोण, आपण तिचा सत्कार करू, म्हणाले. मी त्यांना ठणकावून सांगितलं की नाव कदापि मिळणार नाही, आमच्या कामाचा तो पाया आहे. शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही मी. त्याचा मला त्या दिवशी किती अभिमान वाटला होता, काय सांगू. साहेबांनी आठवड्याभरात एक गोष्ट केली. त्या वर्षापासून चौदा एप्रिलला कारखान्याला पगारी सुट्टी जाहीर करून टाकली. कुंदाताईंनी मला संस्थेतल्या सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी ती घेतली.

मार्चअखेरीला पाठपुराव्यासाठी मी पुन्हा शिरवळला गेले. कोणाला काही कळलं नसेल, कळलं असलं तरी विसरल्या असतील, असं तीन आठवडे मी मनाला समजावत होते. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत पोहोचले आणि लांबच्या टेबलावर चहा घेऊन बसले.

तीन नंबरचा गोल नेहमीसारखाच बसला होता. रत्नमाला त्यात होती, शकूच्या शेजारीच होती. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. सगळ्यांचे डबे मध्ये उघडे होते. शकूनं सगळ्यांत आधी रत्नमालाच्या डब्यातली भाजी घेतली. मग दुसरीनं घेतली, मग तिसरीनं. एकीनं पुन्हा मागून घेतली. रत्नमालाची भाजी सगळ्यांच्या आधी संपली आणि शकू म्हणाली, छान झालीय हो रत्नमालाताई, कृती सांगा की एकदा. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

चहा माझ्या हातात तसाच राहिला. हीच शकू, नोव्हेंबरात मी त्यांच्यात जेवायला बसले होते तेव्हा, सगळ्या गोलाला ऐकू जाईल असं ओरडली होती, रत्ने, मीठ काय नवऱ्यानं टाकलं का गं? आणि रत्नमालानंही तिच्या मांडीवर चापट मारून तिला सुनावलं होतं.

जेवणं उरकल्यावर रत्नमाला डबा धुवायला नळावर गेली. मी मागोमाग गेले. नळापाशी आम्ही दोघीच होतो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते, पण तोंडून आलं ते निराळंच.

"मी नाव घेतलं नव्हतं, रत्नमालाताई."

"नाही घेतलंत," ती म्हणाली. डबा घासत होती. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"शकूताई काही बोलल्या का?"

दोन दिवस बोलली नाही, असं तिनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, आम्ही असलं काही मानत नाही, तू आमचीच आहेस. तेव्हापासून अहो-जाहो सुरू झालं. मिरवणुकीवरून कोणी काही बोलत नाही, ती आली की विषय बदलतात. सगळ्या फार चांगल्या वागतात, म्हणाली.

मग मी निर्लज्जासारखी म्हणाले, "पण सुट्टी तर मिळाली ना, सगळ्यांनाच?"

"मिळाली. ते चांगलंच झालं मॅडम. तीसेक जणी आहोत आम्ही इथं, सगळ्यांना बरं झालं. मी नाही कुठं म्हणते?" तिनं डब्यातलं पाणी ओतलं. "मी यंदा सांगणारच होते तिला."

"कोणाला?"

"शकूला. तुमच्याशी बोलल्यावर धीर आला होता मला. तुम्हाला सांगितलं आणि आभाळ कोसळलं नाही, म्हटलं तिलाही सांगून बघू. यंदा अर्जावर ताप लिहिणार नव्हते, जयंती लिहिणार होते. तोच अर्ज तिच्या हातात देणार होते, आणि म्हणणार होते, जेवायला ये घरी."

ती थांबली नाही, इतक्या दिवसांचं साठलेलं असावं.

"तिनं तमाशा केला असता. मला तोंडावर खोटारडी म्हणाली असती, महिना-दोन महिने बोलली नसती. मीपण सोडणार नव्हते तिला, सात वर्षं काय काय ऐकून घेतलंय ते सगळं काढणार होते. जोरात भांडलो असतो दोघी. मग आली असती ती जेवायला. मी ओळखते ना तिला."

"मग आता बोलवा ना," मी म्हटलं. खरोखर कळकळीनं म्हटलं. "अजून चौदा तारखेला वेळ आहे. मी बोलू का त्यांच्याशी? हवं तर त्या लाइनसाठी एक वेगळी बैठक घेते."

तिनं नळ बंद केला. माझ्याकडं वळून पाहिलं, पहिल्यांदाच त्या दिवशी.

"नका घेऊ मॅडम. तुम्ही आता कोणाला काही समजावू नका." पदराला हात पुसले. "आणि बोलावलं तर ती येईलच की. आता कशाला नाही म्हणेल? पहिल्या हाकेला येईल, फोटोला हात जोडेल, ताटातलं सगळं संपवेल, वर मागूनही घेईल."

घंटा झाली. बायका लाइनकडं निघाल्या.

"म्हणून तर बोलवत नाही," रत्नमाला म्हणाली आणि डबा उचलून त्यांच्यात मिसळून गेली.